‘मधी नवो तारो इलो’: एनजीसी ४१५१ आणि तीन महिन्यांची खात्री (एक प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर आमचा आकाश बघणाऱ्यांचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे. मी शिकवणारा माणूस, बाकीचे दोघे आंबा बागायतदार, एक एसटीतून रिटायर झालेले काका आणि दोन कॉलेजची मुलं. त्यातला एक अकरावीतला, त्याला इथे नुसतं बाबू म्हणतो. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये, बाकी जे घडलं ते तसंच लिहितोय.

सामान साधंच. ८ इंची न्यूटोनियन दुर्बीण, त्याखाली मोटरवाला इक्वेटोरियल माउंट, आणि सेकंडहँड डीएसएलआर. वीज इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. बसायची जागा म्हणजे बाबूच्या घरच्या कलमांच्या बागेतला मांगर, म्हणजे बागेतली छोटी झोपडी, तिथून पन्नास पावलांवर उघडा कातळ. पश्चिमेला समुद्रावर एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी असल्या की क्षितिजावर पांढरा पट्टा उमटतो आणि ती बाजू वाया जाते, पण उत्तर आणि ईशान्य अजून चांगली काळी आहे. म्हणून आमची बरीचशी कामं त्या दिशेची.

त्या दिशेला फेब्रुवारीत रात्री उशिरा श्यामशबल तारकासमूह वर येतो, सप्तर्षींच्या शेपटीखाली. त्यात एनजीसी ४१५१ नावाची सर्पिल दीर्घिका (गॅलक्सी) आहे. विल्यम हर्शेलनी ती १७८७ मध्ये पहिल्यांदा नोंदवली. आपल्यापासून सुमारे ५ कोटी प्रकाशवर्षं. सर्पिल हात इतके फिके की आमच्या दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नाहीत, फोटोत सुद्धा मुश्किलीने येतात. दिसतो तो मधला गाभा, आणि तो अगदी ताऱ्यासारखा टोकदार दिसतो. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट माहीत असायला हवं होतं. ऐकलेलं होतं कधीतरी, पण त्या रात्री आठवलं नाही.

काय झालं

अमावस्येच्या आसपासची शुक्रवारची रात्र. दहिवर इतकं की आरशाला दर अर्ध्या तासाने हेअर ड्रायर दाखवावा लागत होता. बाबूने एकच्या सुमारास एनजीसी ४१५१ चे ३० सेकंदाचे चाळीस फोटो घेतले. मागच्या वर्षी त्याने हीच दीर्घिका ६ इंची दुर्बिणीने टिपलेली, तो फोटो त्याच्या फोनमध्ये होताच. पहाटे मांगरात बसून त्याने दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि मला हाक मारली, ‘सर, मधी नवो तारो इलो! गेल्या वर्सा नाय होतो.’

मी बघितलं. खरंच, यंदाच्या फोटोत मध्यभागी लख्ख बिंदू, मागच्या वर्षी तिथे मऊसा धुरकट गोळा. त्याने फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून मोजलं सुद्धा, फरक आला ०.४ मॅग्निट्यूडचा (मॅग्निट्यूड किंवा प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकी वस्तू उजळ), म्हणजे उजेड जवळजवळ दीडपट. त्यात त्याला कुठेतरी वाचलेलं आठवलं की याच दीर्घिकेत २०१८ च्या एप्रिलमध्ये सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला होता, एसएन २०१८एओक्यू. ते खरंच आहे. त्यामुळे त्याच्या डोक्यात गणित पक्कं झालं, एकदा झाला होता, आता परत झाला, आणि तो आम्ही पकडला.

माझी छाती सुद्धा धडधडत होती, हे लिहायलाच पाहिजे कारण पुढचे दोन निर्णय त्याच धडधडीत घेतले गेले.

पहिला निर्णय: लगेच कळवायचं का

आकाशात अशी नवी वस्तू दिसली तर कळवायची अधिकृत जागा म्हणजे ट्रान्झियंट नेम सर्व्हर. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची हीच व्यवस्था आहे. कोणीही खातं काढून रिपोर्ट टाकू शकतो. बाबूचं म्हणणं होतं की लगेच टाकूया, दुसऱ्या कोणीतरी आधी टाकला तर नाव जाईल. त्यात तथ्य आहे. हल्ली रोज रात्री अख्खं आकाश झाडून काढणाऱ्या यंत्रणा आहेत, त्यांच्यासमोर हौशी माणसाला मिळतात ते काही तासच.

आमच्यासमोर तीन रस्ते होते. एक, लगेच रिपोर्ट. दोन, दुसऱ्या रात्रीचा फोटो येईपर्यंत थांबणे. तीन, कोणा जाणकाराला विचारून मग ठरवणे. आम्ही दुसरा आणि तिसरा मिळून घेतला, पण खरं सांगायचं तर तो विचारपूर्वक घेतलेला नव्हता. चहा घेऊन आलेली बाबूची आजी आमचं बोलणं ऐकत होती, ती म्हणाली, ‘आधी खात्री करा, मगे गावभर सांगा,’ आणि मला एकदम सुटका झाल्यासारखं वाटलं. मी त्याला म्हटलं, आज रात्री परत घेऊ.

पण तेवढ्यात बाबूच्या काकांनी फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकला होता. दुपारपर्यंत एका स्थानिक बातमीदाराचा फोन आला. मी त्यांना सांगितलं की आम्हाला अजून माहीत नाही, दोन-तीन दिवस द्या. त्यांनी ऐकलं, बातमी लावली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. काकांना मात्र मी आदल्या पहाटेच सांगायला हवं होतं की हे घरातच ठेवा. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसरा निर्णय: मोजमापावर विश्वास ठेवायचा का

शनिवारी रात्री समुद्रावरून ढग आले, काहीच मिळालं नाही. पण ते बरंच झालं कारण रिकाम्या हाताने आम्ही आधीचेच फोटो उकरत बसलो आणि तिथे पहिली चूक सापडली.

बाबूने गाभ्याची तुलना शेजारच्या एकाच ताऱ्याशी केली होती, आणि तो तारा ८ इंची दुर्बिणीत जळला होता. म्हणजे कॅमेऱ्याचा पिक्सेल भरून गेला की त्यापुढचा प्रकाश मोजलाच जात नाही, त्यामुळे तो तारा आहे त्यापेक्षा कमी उजळ मोजला जातो आणि त्याच्या तुलनेत बाकी सगळं जास्त उजळ वाटतं. मागच्या वर्षी ६ इंचीत तो जळलेला नव्हता. ०.४ मधला काही भाग इथून आला होता. मग आम्ही एएव्हीएसओचा तक्ता काढला. ही बदलत्या ताऱ्यांची निरीक्षणं गोळा करणारी अमेरिकेतली संस्था आहे, आणि तिच्याकडे एनजीसी ४१५१ साठी तुलनेच्या ताऱ्यांचा तयार तक्ता असतो. त्यातले तीन फिके तारे घेतले, दोन्ही वर्षांच्या फोटोत मोजायचं वर्तुळ आकाशात सारख्याच मापाचं ठेवलं, आणि परत मोजलं. ०.४ चे ०.२५ झाले.

इथे मी जरा थांबतो. बदलत्या ताऱ्यांच्या तक्त्यात एका दीर्घिकेचं नाव असणं हाच केवढा मोठा इशारा होता! तो तक्ता आमच्यासमोर उघडा होता, त्यावर आम्ही पेन्सिलीने खुणा केल्या, आणि तरी आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की दीर्घिका या यादीत कशाला. आम्ही सुपरनोव्हा शोधत होतो म्हणून आम्हाला तेवढंच दिसत होतं.

०.२५ म्हणजे सव्वापट उजेड. आमच्या मोजण्यातली चूक ०.०५ च्या आसपास असेल असा अंदाज होता, त्यामुळे फरक खराच होता, तो काही दहिवराचा खेळ नव्हता. आणि नुसत्या आकड्यावरून सुपरनोव्हा नाकारताही येत नव्हता. गाभा साधारण १२ व्या प्रतीचा धरला तर सव्वापट व्हायला जो जादा प्रकाश लागतो तो साडेतेराव्या प्रतीच्या एका ताऱ्याएवढा भरतो, आणि ५ कोटी प्रकाशवर्षांवरचा सुपरनोव्हा सहज तेवढा उजळ असू शकतो. पांढऱ्या बटूच्या स्फोटाचा, ज्याला १ए प्रकार म्हणतात, तो असता तर उलट आख्ख्या गाभ्याच्या बरोबरीने चमकला असता. म्हणजे बाबू उगाच काहीतरी बोलत नव्हता.

मग जागा तपासली. बिंदूचा मध्य मागच्या वर्षीच्या गोळ्याच्या मध्याशी एका पिक्सेलच्या आत जुळत होता, म्हणजे साधारण एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग). त्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे २५० प्रकाशवर्षं. लाखभर प्रकाशवर्षांच्या चकतीत एखादा तारा फुटायचा तो नेमका मध्यातच फुटावा, हे होऊ शकतं पण शंका यायला पाहिजे. २०१८ चा सुपरनोव्हा गाभ्यापासून बराच लांब होता, एका आर्कमिनिटापेक्षा (६० आर्कसेकंद) जास्त अंतरावर. रविवारी रात्री आकाश उघडलं, परत फोटो घेतले, उजेड तेवढाच. दोन रात्रींत बदल नाही याचाही काही अर्थ लागत नव्हता कारण सुपरनोव्हा शिखरावर असताना काही दिवस तसाच राहतो.

तिसरा निर्णय: कोणाला विचारायचं

सोमवारी मी पुण्याला एका खगोलशास्त्रज्ञ मॅडमना ईमेल केला, पूर्वी एका कार्यशाळेत भेट झालेली. फोटो, मोजमाप, आमच्या शंका सगळं पाठवलं. मंगळवारी संध्याकाळी फोन आला. त्यांचं पहिलंच वाक्य, ‘तुम्हाला माहितीये ना ही सेफर्ट दीर्घिका आहे?’

कार्ल सेफर्ट नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये काही सर्पिल दीर्घिकांचा अभ्यास छापला, ज्यांचा गाभा ताऱ्यासारखा टोकदार असतो आणि ज्याच्या वर्णपटात गरम वायूच्या ठळक, फुगलेल्या तेजस्वी रेषा असतात. एनजीसी ४१५१ त्यातली एक. आज आपण त्याला सक्रिय केंद्रक म्हणतो. मध्यभागी कृष्णविवर, या दीर्घिकेत अंदाजे ४ कोटी सूर्यांच्या वजनाचं. त्याच्याभोवती वायू चकतीसारखा फिरत आत पडतो, पडताना घासून प्रचंड तापतो, आणि त्या चकतीचा प्रकाश आपल्याला टोकदार बिंदू म्हणून दिसतो. आत पडणारा माल कधी जास्त कधी कमी, म्हणून बिंदू कधी तेज कधी मंद. हा उजेड बदलतो हे १९६० च्या दशकातच लक्षात आलं होतं. १९८४ च्या सुमारास तर गाभा इतका विझला की फुगलेल्या रेषा जवळजवळ नाहीशा झाल्या आणि ही दीर्घिका वेगळ्याच प्रकारची वाटायला लागली, नंतर परत उजळली.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली ती बाबूला सगळ्यात आवडली. गाभ्याचा उजेड काही दिवसांत बदलत असेल तर उजेड देणारी जागा काही प्रकाश-दिवसांपेक्षा फार मोठी असूच शकत नाही, कारण प्रकाशालाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे फक्त दिवस मोजून, दुर्बिणीला कधीही न दिसणाऱ्या गोष्टीचं माप काढता येतं.

आणि मागच्या वर्षीचा तो मऊ गोळा? त्याचा फोकस किंचित हललेला होता. फोटो मोठा करून शेजारचे तारे बघितले तर तेही गोळेच होते. आम्ही मध्यावरच नजर लावून बसलेलो, ताऱ्यांकडे बघितलंच नाही.

चौथा निर्णय: बाबूला कसं सांगायचं

हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड होता. फोन स्पीकरवर नव्हता, त्याला काही माहीत नव्हतं. एक मार्ग असा की सरळ सांगून टाकायचं, अरे ते सुपरनोव्हा नाही, पुढचं बघ. दुसरा मार्ग, त्याला नुसता एक शब्द द्यायचा, ‘सेफर्ट’, आणि शोधायला लावायचं. मी दुसरा निवडला. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, ‘सर समजलं. पण मग ०.२५ कशाचे?’

तो रुसला असेल, दोन दिवस येणार नाही असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या धाकट्या भावाला पोरांनी चिडवलं, तेव्हा तो रुसलाही, पण त्याचा प्रश्न तसाच राहिला. आणि प्रश्न बरोबर होता. सक्रिय केंद्रक आहे म्हणून सुपरनोव्हा नाहीच असं कुठे सिद्ध होतं? दोन्ही एकदम असू शकतात.

मग आम्ही काय केलं

कोल्हापूरच्या एका मित्राकडे स्टार अॅनालायझर होता. ही एक मिलिमीटरला शंभर रेघांची जाळी असते, फिल्टरसारखी कॅमेऱ्यापुढे बसते आणि ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पसरवून देते. त्याने ती एसटीच्या पार्सलने पाठवली, शनिवारी देवगड स्टँडवर उतरवून घेतली. टोकदार बिंदू असल्यामुळे अशी साधी जाळीसुद्धा या गाभ्यावर चालते, पसरट दीर्घिकेवर चालली नसती.

आधी मघा ताऱ्याचा वर्णपट घेतला, त्यातल्या हायड्रोजनच्या काळ्या रेषांवरून मोजपट्टी बसवली. मग एनजीसी ४१५१, एकूण सव्वा तास. काकांनी टॉर्चवर लाल कागद गुंडाळून वही धरली होती. सगळे फोटो एकावर एक लावल्यावर पट्ट्यात दोन गाठी उभ्या राहिल्या. एक लाल भागात, हायड्रोजनची. दुसरी हिरव्यात, ५००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या जरा पुढे, आणि ती सगळ्यात ठळक.

ती हिरवी गाठ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. पृथ्वीवर साधा निर्वात केला तरी ही रेषा दिसत नाही, कारण अणू एकमेकांवर आदळून ती ऊर्जा आधीच काढून घेतात. अतिशय विरळ वायू लागतो. एकोणिसाव्या शतकात तेजोमेघांत ही रेषा दिसली तेव्हा लोकांना वाटलं नवं मूलद्रव्य आहे, त्याला नेब्युलियम असं नावही दिलं, आणि १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडलं की हा आपला ऑक्सिजनच. आमच्या सड्यावर, सेकंडहँड कॅमेऱ्यात ती रेषा आली! त्या रात्री कोणालाच झोप लागली नाही.

लाल गाठ पायाशी जरा फुगलेली वाटत होती, पण एवढ्या ढोबळ जाळीवरून मी तसा दावा करणार नाही. सुपरनोव्हाच्या वर्णपटात रुंद खड्डे, म्हणजे काळपट पट्टे, दिसायला हवेत, तसे दिसले नाहीत. पण जादा प्रकाश पाचातला एकच भाग होता, तेवढ्यातले खड्डे आम्हाला दिसले असतेच असंही नाही. म्हणून बाबूनेच ठरवलं की दर आठवड्याला मोजायचं, तेच तीन तारे, तेच वर्तुळ, तोच एक्स्पोजर, कच्ची फाईल जपून ठेवायची. मोहोरावरच्या फवारणीचे दिवस होते, घरचं काम करून तो रात्री यायचा. पौर्णिमेचे आठवडे सुटले, दोनदा ढगांनी घालवले.

निष्पत्ती

मार्चभर आकडा जवळपास तिथेच. एप्रिलमध्ये उतरायला लागला, आणि त्या दोन आठवड्यांत बाबू परत सुपरनोव्हाची आशा धरून होता हे मला दिसत होतं. मेच्या सुरुवातीला आकडा परत चढला. एकदा उतरणीला लागलेला सुपरनोव्हा सहसा असा परत वर येत नाही. तिथे प्रश्न मिटला. गाभाच बदलत होता, आणि आम्ही तो बदलताना मोजला होता. मॅडमनी असॅसिन या आकाश झाडणाऱ्या दुर्बिणींचा उघडा डेटा कसा काढायचा तेही शिकवलं, त्यातही हा गाभा वर्षानुवर्षं वरखाली होताना दिसतो. आमची मोजमापं बाबूच्या नावाने एएव्हीएसओकडे गेली. बातमीदारांनी जूनमध्ये छोटी बातमी केली, त्यात सुपरनोव्हा हा शब्द नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं आणि सगळ्यात सोपं, फोटो बघितल्यावर दीर्घिकेचा प्रकार बघायचा. दोन मिनिटांचं काम, ते आम्ही चार दिवस केलं नाही. आता मांगराच्या भिंतीवर खडूने यादी लिहिलीय: दीर्घिकेचा प्रकार, जुने फोटो, जवळून जाणारा लघुग्रह, जळलेले तारे, दुसरी रात्र. हे पाचही झाल्याशिवाय कोणी फोन उचलायचा नाही.

दुसरं, दोन वेगळ्या दुर्बिणींचे फोटो नजरेने शेजारी लावून निष्कर्ष काढायचा नाही. तुलना करायची तर आधी ताऱ्यांचे आकार जुळतात का बघायचं.

लगेच रिपोर्ट केला असता तर काय झालं असतं हे मी अजून मनात घोळवतो. फार काही नाही, कोणीतरी एका ओळीत उत्तर दिलं असतं की हे सक्रिय केंद्रक आहे. त्या सर्व्हरवर असे रिपोर्ट येत असतात. पण बाबू तिथेच थांबला असता असं मला वाटतं, आणि म्हणून थांबलो ते बरोबरच केलं या मतावर मी ठाम आहे. शब्द देऊन शोधायला लावलं त्याबद्दल मात्र मी तेवढा ठाम नाही. ग्रुपमधल्या एका बागायतदाराचं म्हणणं आहे की त्या रात्री मी त्याच्या घरी जाऊन शेजारी बसायला हवं होतं, पोराने ते एकट्याने वाचायला नको होतं. त्यांचं बरोबर असेल.

पावसाळ्यात दुर्बीण पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर गेली. नोव्हेंबरच्या शेवटी श्यामशबल पहाटे चारपर्यंत चांगला वर आलेला असतो. बाबू आता बारावीत आहे, त्याच्या आईने एवढीच अट घातलीय की आठवड्यातून एकच पहाट, आणि आलेखाच्या वहीत त्याने तारखांचे रकाने आत्ताच आखून ठेवलेत.